कापसाच्या खोलीतला उजवा

मी बोलतोय. तसा मी रोजच बोलतो, तेच माझं काम आहे. पण ते सगळं दुसऱ्याचं. कुणाची जाहिरात, कुणाचं गाणं, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगायला बसलोय, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी एक स्पीकर आहे. मांडवात उभे राहतात, ज्यांच्यापुढं पोरं नाचतात आणि ज्यांच्या धक्क्यानं घरातली भांडी फळीवरून खाली येतात, ते नव्हे. ते आमचे थोरले भाऊबंद. मी टेबलावर मावणारा, वीतभर रुंद, काळा. आम्ही जोडीनं असतो आणि मी जोडीतला उजवा. आवाज मोठा करणारं यंत्र माझ्याच पोटात आहे. वीज, बटण, आवाजाची कळ सगळं माझ्या पाठीवर. डाव्याला माझ्याकडून फक्त एक तार जाते, म्हणून तो जन्मभर निवांत आणि तापतो तो मी. पण आमचं भांडण नाही. त्याच्याशिवाय मी अर्धाच आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची पेटी, खाली जाड सुरांसाठी कागदी पडदा, वर बारीक सुरांसाठी रेशमाची एवढीशी घुमटी. जन्मल्या जन्मल्या आम्हाला एकच सूर दिला गेला. अगदी खालून निघून वर वर जाणारा, शेवटी कुत्र्यालाच ऐकू येईल इतका बारीक. वाटेत कुठं फुगला नाही, कुठं दबला नाही, तो पास. जे आत येईल ते तसंच बाहेर सोडायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, एवढीच आमच्या खानदानाची रीत. या रीतीपायी पुढं काय काय सोसावं लागणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून खोक्यात बसून आम्ही परभणीला आलो, बुद्धभूषणच्या दुकानात. बुद्धभूषण चाळिशीचा माणूस, आवाजाच्या धंद्यात मुरलेला. गिऱ्हाईक ‘किती वॅट?’ म्हणालं की तो हसायचा आणि गिऱ्हाईक ‘बेस वाढवा’ म्हणालं की मान हलवून वाढवायचा.

मला माणसांचं पहिल्यापासून मोठं कुतूहल. फळीवर बसून मी बघत असे, ही माणसं स्पीकर निवडतात कशी? कुणी पेटीवर बोटानं टकटक करतं, जणू नारळच घ्यायचाय. कुणी उचलून वजन बघतं. कुणी निळे दिवे लागतात का ते आधी विचारतं. कानांनी निवडणारा मला फार दिवस दिसलाच नाही. आम्हाला दिवे नाहीत, वजन नाही, दणका तर नाहीच. त्यामुळं आम्ही आपले बसून होतो आणि आमच्या डोळ्यांदेखत निळ्या दिव्यांचे खोके वाजत-गाजत घरोघर जात होते.

एके दिवशी एक जोडपं आलं. नवरा योगीराज, शेतकरी गडी, बोलायला मोकळा. बायको पंकजा, सावळी, डोळ्यांत सारखा काहीतरी प्रश्न असलेली. चारठाण्याची मंडळी, जिंतूर तालुक्यातली. गाडीवर भोंगा लावून जाहिराती फिरतात ना, त्यातला बाईचा आवाज जिंतूर भागात बऱ्याचदा पंकजाचाच. खताचं दुकान, शिकवणीचे वर्ग, पोखर्णीच्या यात्रेतलं हॉटेल, सगळ्यांसाठी ती घरच्या मागच्या खोलीत बसून आवाज भरायची.

पण आता तिला वेगळंच काम खुणावत होतं. पुण्याच्या एका कंपनीला कानांनी ऐकायची पुस्तकं करायची होती. त्यातल्या एका कादंबरीत सगळी माणसं मराठवाड्याची, म्हणून त्यांना इकडचाच आवाज पाहिजे होता. पंकजानं एक प्रकरण वाचून पाठवलं. तिथल्या अर्पिता मॅडमचा निरोप आला, आवाज फार आवडला, पण रेकॉर्डिंग पोकळ आहे, पुन्हा पाठवा. पोकळ म्हणजे काय, ते पंकजाला कळेना. घरच्या होम थिएटरवर तर तो आवाज कसा भरदार वाजत होता!

तिनं पेन ड्राइव्ह काढून बुद्धभूषणच्या हातात दिला. त्यानं तीन जोड्या ओळीनं मांडल्या. पहिली दिव्यांची, सोबत बेसचा जाडजूड डबा. पंकजाचा आवाज त्यातून असा आला, की एखादी पुढारीण स्टेजवरून बोलतेय. योगीराज खूश झाला. दुसरी जोडी मध्यम, ती मध्यमच वाजली. मग माझी पाळी आली.

मी खानदानाची रीत सोडली नाही. जे होतं ते सांगितलं. पंकजाचा चेहराच पडला.

“भाऊ, हे माझा आवाज असा काहून दाखवायलंय? पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यावानी?”

“ताई, त्यो मोठा डबा तुमाला खूश करायलाय,” बुद्धभूषण म्हणाला. “ह्यो जे हाय ते सांगायलाय. गाणी ऐकायची तर त्यो न्या. काम करायचं आसंल तर ह्यो.”

“एवढुशे डबे?” योगीराज म्हणाला. “आपल्या होम थेटरात ह्याच्यापरीस लय दम हाय.”

पंकजानं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “पुन्हा लावा.” मग पुन्हा. मग डोळे मिटून आणखी एकदा. तिला कळलं होतं, की घरचं होम थिएटर खालचे सूर पदरचे घालून फुगवून दाखवतं. आवाज जाड झाला असं वाटून ती कॉम्प्युटरवर तो जाडपणा कापत होती. आणि पुण्याला पोचत होता तो नुसता सांगाडा. “ज्याच्यात माझी चूक ऐकू येतेय तेच घेते,” ती म्हणाली. अपमान करणाऱ्याला घरी घेऊन जाणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एसटीत आमचं खोकं तिनं मांडीवर घेतलं. जिंतूरपर्यंत ती सारखी खोक्यावर हात ठेवून होती. कंडक्टरनं विचारलं, “ह्याचं वय काय?” तर योगीराज म्हणाला, “आजच जलमलंय, साहेब,” आणि बसमधली माणसं हसली. मला ते हसणं आवडलं. आमच्या कारखान्यात कुणी हसत नसे.

घरी पंकजाची सासू छबूबाई वाटच बघत होती. घरात नवीन वस्तू आली की ती हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा तिचा नेम. ट्रॅक्टरला लावलं, फवारणीच्या पंपाला लावलं, मिक्सरला लावलं, मग मला का नाही? ताट घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि माझं कपाळ शोधू लागली. वरच्या बाजूला ती रेशमी घुमटी तिला दिसली. गोल, मऊ, बरोबर कपाळाच्या जागी. छबूबाईनं कुंकवाचं बोट तिच्यावर टेकवलं आणि श्रद्धेनं दाबलं.

घुमटी आत गेली. मला दुखलं असं म्हणणार नाही, पण माझे सगळे बारीक सूर एकदम मुके झाले. ‘स’ आणि ‘श’ म्हणजे जणू कुणी गोधडीतून बोलतंय. छबूबाई अक्षता टाकून समाधानानं उठली. डाव्याची पाळी येईपर्यंत चहाचं दूध उतू गेलं आणि ती धावली, म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी पंकजानं आम्हाला सुरू केलं आणि तिची मान डावीकडं वळली. आवाज तिकडंच झुकत होता. दुसरी कुणी असती तर वस्तू खराब निघाली म्हणून दुकान गाठलं असतं. हिनं आधी स्वतःचे कान धुतले. मग खुर्ची फिरवली. मग आमच्या जागा बदलल्या, आणि बिघाड माझ्याबरोबर पलीकडं गेला तेव्हा तिनं मला उजेडात धरलं. घुमटीच्या खळग्यात कुंकू बसलं होतं.

तिनं बुद्धभूषणला फोन केला. तो म्हणाला, चिकटपट्टीचा तुकडा हळूच लावा आणि अलगद ओढा. पंकजानं श्वास रोखला, ओढला, आणि टप् आवाज होऊन माझी घुमटी वर आली. एक बारीक सुरकुती राहिली, ती अजून आहे. छबूबाई दारातून बघत होती. “माज्या बोटानं झालं व्हय गं?” तिनं विचारलं. “नाही आत्या, आधीच तसं होतं,” पंकजा म्हणाली. मी जसंच्या तसं सांगणारा आहे; पण त्या वेळी माझ्यात वीज नव्हती हे एका परीनं बरंच झालं.

आता आमची जागा. घराची मागची खोली जुनी, दगड-मातीच्या जाड भिंतींची, आणि भिंतीत दोन कोनाडे. माझ्या मापाचे, जणू गवंड्यानं आम्हाला बघूनच केलेले. कोनाडा असताना वस्तू टेबलावर ठेवायची हे या घरात कुणाला पटलंच नसतं. आम्हाला तिथं बसवलं, वर विणलेला रुमाल टाकला, आणि दिसायलाही आम्ही छान दिसायला लागलो.

पण माझ्या पाठीला एक भोक आहे. जाड सूर तिथून बाहेर पडतात आणि त्यांना मागं मोकळी जागा लागते. कोनाड्यात ते भिंतीला टेकलं आणि मी आपोआप घुमायला लागलो. म्हणजे खोटं न बोलणारा मी, जागेपायी होम थिएटरसारखाच फुगवून बोलू लागलो. पंकजानं त्या फुगवट्यावर भरवसा ठेवून पुन्हा जाडपणा कापला, दुसरा नमुना पुण्याला गेला, आणि पुन्हा तोच निरोप आला. या वेळी अर्पितानं फोन केला. “पंकजाताई, अजून एकदाच सांगू शकते मी. दत्तजयंतीपर्यंत पाठवा, मग आम्हाला दुसरा आवाज घ्यावा लागेल.”

घरात आणखी एक मुदत आधीच चालू होती, आणि ती जास्त कडक होती. पंकजाचे सासरे आश्रुबा. उंच, आडदांड, कानानं जड. त्यांच्याशी सगळं घर ओरडून बोलायचं आणि तरी त्यांना निम्मंच कळायचं. मग चिडून ते आणखी मोठ्यानं बोलायचे. ती खोली दर सुगीला कापसाची. यंदा त्यांनी पंकजाला सांगितलं होतं, म्हणजे छबूबाईला सांगितलं होतं, कारण सासरा-सून समोरासमोर बोलत नसत, “कापूस येस्तोर खोली तिची. कापूस आला की कापसाची. तवर तिचं पुण्याचं जमलं तर बगू. न्हाई तर मंग ते खूळ बंद.”

पंकजानं मान डोलावली होती. आश्रुबांसमोर ती बोलायचीच नाही फारशी. बोललीच तर खालमानेनं, ओठांतल्या ओठांत. ऐकू न येणाऱ्या माणसाशी इतकं हळू का बोलायचं, हे कोडं मला बरेच दिवस उलगडलं नाही. पुढं छबूबाईच्या बोलण्यावरून कळलं. सासऱ्यापुढं सुनेनं आवाज चढवायचा नसतो.

त्या फोननंतर पंकजानं आम्हाला कोनाड्यातून काढलं. टेबल भिंतीपासून ओढून घेतलं, आमच्याखाली विटा ठेवल्या, विटांवर जुन्या लुगड्याच्या घड्या. मग परकराची नाडी घेऊन माप सुरू केलं. डाव्यापासून माझ्यापर्यंत जेवढी नाडी, तेवढीच माझ्यापासून तिच्या कानापर्यंत, तेवढीच डाव्यापासून. छबूबाईनं विचारलं, “झबलं शिवायलीस का त्याला?” पंकजा हसली. पण या नाडीच्या तिकोनात ती बसली आणि तिचा आवाज आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये, हवेत, तिच्या समोर येऊन उभा राहिला. ती चकित होऊन तिथं हात फिरवत राहिली.

एवढं करूनही खोलीचा दोष उरलाच. पंकजा कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळी वाजवायची आणि कान द्यायची. प्रत्येक टाळीमागून भिंती एक झणझणीत शेपूट परत द्यायच्या. तिनं गोधड्या टांगल्या, पुरल्या नाहीत. जिंतूरहून अंड्यांचे कागदी ट्रे आणले, उपयोग झाला नाही. सुनेला टाळ्या वाजवायचं वेड लागलं असं शेजारची कस्तुराबाई म्हणून गेली.

तेवढ्यात कापूस आला.

वेचणी लवकर उरकली होती, भाव पडलेला होता, आणि आश्रुबांनी माल घरात धरायचं ठरवलं. ट्रॉली दारात उभी राहिली. “खोली मोकळी करा!” आश्रुबांचा आवाज. दत्तजयंती अजून पुढं होती, पण बोलण्याप्रमाणं कापूस आला होता. योगीराज मधे पडला, “दादा, जरा आठ-पंधरा दिस...” ते आश्रुबांना ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही. पंकजानं आमच्या तारा काढल्या. टेबल दाराकडच्या कोपऱ्यात सरकवलं, आमच्यावर चादर टाकली. मग पदर खोचून ती कापूस ओढायला लागली.

गाठोड्यामागून गाठोडं खोलीत रिकामं झालं. तीन भिंती आढ्यापर्यंत पांढऱ्या झाल्या. आमच्या टेबलाभोवती माणूसभर जागा तेवढी उरली, तीही आश्रुबांना ये-जा करून माल बघता यावा म्हणून. कापूस हाही कुतूहलाचाच प्राणी आहे. तो बोलत नाही, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही. बाहेर बैल हंबरायचे, ट्रॅक्टर सुरू व्हायचा, आणि आत मला वाटायचं की ते सगळं फार लांब, दुसऱ्याच गावात चाललंय. मला तर वाटलं, आपलं इथंच संपलं.

काही दिवसांनी पंकजा विळी शोधत आत आली. अंगाला कापूस लागला, खाज सुटली आणि ती करवादली, “अगं आई गं!”

आणि जागीच थांबली.

तो आवाज तिच्या तोंडातून निघाला आणि तिथंच राहिला. मागून काहीच आलं नाही. तिनं विळी खाली ठेवली, टाळी वाजवली. नुसती टाळी, शेपूट नाही. तिनं स्वतःचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, कादंबरीतलं एक वाक्य म्हणून बघितलं. मग एकटीच हसायला लागली. टांगलेल्या गोधड्यांनी, ट्रेंनी जे जमलं नाही, ते तिची खोली हिसकावून घेणाऱ्या कापसानं करून टाकलं होतं.

चादर निघाली. तारा जोडल्या गेल्या. दुपारी आश्रुबा शेतात असले की पंकजा आत यायची, दार लावायची आणि वाचायला बसायची. खाजेनं जीव नकोसा व्हायचा. एक वाक्य झालं की ती दंड खाजवायची, मग पुढचं वाक्य. कादंबरीतल्या म्हातारीच्या भांडणात खरा वैताग कुठून आला, हे पुण्यात कुणाला कधी कळणार नाही. वाचून झालं की ती आमच्यासमोर बसून ऐकायची. या वेळी मी जे सांगत होतो त्यात जागेचा फुगवटा नव्हता, भिंतींची भेसळ नव्हती. तिला कापायला काही उरलंच नाही.

दत्तजयंतीच्या आधी तिनं ते पाठवलं. त्याच दिवशी दुपारी ती शेवटचं एकदा ऐकत होती. आवाज बेताचाच होता. छबूबाई दारात गहू निवडत बसली होती. आश्रुबा नेहमीपेक्षा लवकर परतले. विडी बाहेर विझवली आणि माल तापला तर नाही ना, हे बघायला आत आले. पंकजा झटकन उठून कापसाच्या आडोशाला सरकली. मला बंद करायचं तिला सुचलंच नाही.

आश्रुबांनी कापसात कोपरापर्यंत हात खुपसला. आणि तसाच ठेवून उभे राहिले. माझ्याकडं बघायला लागले.

“ही कोन बाई हाय?” ते म्हणाले. “लय साफ बोलायली. समदं ऐकू यायलंय मला.”

“आवो, आपली पंकजा हाय ती!” छबूबाई नेहमीसारखी ओरडली.

“आँ?”

“पंकजा! तुमची सून!”

आश्रुबांनी हात कापसातून काढला. “हिचा आवाज आसा हाय व्हय?”

सहा वर्षं ती सून त्या घरात होती. भाकरी वाढत होती, पाणी देत होती, आजारपणात पाय चेपत होती. आणि त्यांनी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. ती मर्यादा पाळून हळू बोलत होती, त्यांचे कान जड होते, घरातलं बाकीचं सगळं बोलणं म्हणजे भिंतींवर आपटून फुटलेलं ओरडणं. जड कानाला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाज लागतो, हे मलाही त्या दिवशीच कळलं. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच आनंदही झाला.

आश्रुबा कापसाच्या कडेला टेकले. प्रकरण संपेपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, “पुढं?”

पुण्याचा होकार आला. अर्पिता फोनवर विचारत होती, कुठल्या स्टुडिओत केलंत? पंकजा म्हणाली, “कापसाच्या.” अर्पिताला ते स्टुडिओचं नाव वाटलं. पूर्ण कादंबरी करायची होती, आणि जमलं तर त्यामागून आणखी दोन.

संक्रांतीनंतर भाव सुधारला. व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि भिंती पुन्हा उघड्या पडल्या. पण छबूबाईनं ढीगभर कापूस आधीच बाजूला ओढून ठेवला होता. घरच्या गाद्यांसाठी कापूस काढून ठेवणं हा बायकांचा हक्क, त्यात आश्रुबाही बोलत नाहीत. तिनं पिंजारी बोलावला, जाडजाड गाद्या भरून घेतल्या आणि त्या खोलीच्या भिंतींना टांगल्या. एक गादी मधोमध पडद्यासारखी सोडली. तिच्या अलीकडं आम्ही, पलीकडं पंकजा आणि तिचा माइक. आश्रुबांनी बघितलं आणि म्हणाले, “सुगीपस्तोर टांगा. कापूस आला की काढा.” म्हणजे खोलीचा प्रश्न तिथंच लोंबकळत राहिला.

मात्र रोज दुपारी ते यायला लागले. माझ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि कादंबरी ऐकायचे. मग पंकजाला एक युक्ती सुचली. गादीआडून ती माइकवर म्हणायची, “मामा, चहा घेता का?” सासऱ्याला ती मामा म्हणते. तो प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडायचा आणि आश्रुबा मला उत्तर द्यायचे, “हाव, जरा आद्रक टाक.” जरा जोरात झालं तर मी कर्कश शीळ घालतो, म्हणून ती बेतानं बोले. हळूहळू बोलणी वाढली. पऱ्हाटीवरची बोंडअळी, माहेरची विहीर, गुडघेदुखी. सहा वर्षांचं साठलेलं. पण गादी मधेच. ती पलीकडून बोलायची, ते माझ्याकडं बघून बोलायचे, आणि मी दोघांच्या मधे बसून तापत होतो. मला भाव चढला होता हे कबूल करतो. तरी मनात यायचं, आश्रुबा, मान जरा वळवा की. बोलणारी तिकडं आहे.

परवा उन्हाच्या वेळी दोघं असेच बसले होते. छबूबाई दारात होती. पंकजाचा आवाज आज जरा कापत होता, आणि मी तो कापतोय तसाच सोडत होतो.

“मामा, एक विचारायचं होतं. पुढच्या सुगीला ही खोली...”

आणि लाईट गेली.

मी बंद पडलो. तोंडातला शब्द तोंडातच राहिला. आश्रुबांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. “खोलीचं काय? आगं, बोल की!” त्यांनी माझ्या पडद्याला कान लावला. मी काय बोलणार? माझ्यात जीव नव्हता. लाईट आल्यावर विचारू, असं म्हणून पंकजा गप्प बसली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. लाईट संध्याकाळपर्यंत आली असती.

गादी बाजूला झाली. पंकजा बाहेर आली, आणि माझ्या आणि आश्रुबांच्या मधे येऊन उभी राहिली. छबूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“पुढच्या सुगीला ही खोली कापसाला द्यायची नाही, मामा,” पंकजा म्हणाली. खालमानेनं नाही, ओठांतल्या ओठांत नाही. ज्या मोकळ्या, भरल्या आवाजात ती सगळं पुस्तक वाचते, त्याच आवाजात. “मला पाहिजे ही. माझ्या कामाला.”

मी तिच्या पाठीआड होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसतं ऐकू आलं.

“मंग तसं म्हन की,” ते म्हणाले. “आन् वरडतीस कशाला? ऐकू येतंय मला.”

मंडळी, सध्या मी त्याच टेबलावर, त्याच विटांवर आहे. काम भरपूर आहे. तुम्ही कधी माझ्यासारखा एखादा निवडायला दुकानात गेलात, तर टकटक करू नका, दिवे बघू नका. आपलाच आवाज लावा आणि जो तुम्हाला आवडणार नाही, त्याला घरी न्या. आणि घरातल्या घरात काही सांगायचं असेल, तर तेवढ्यापुरतं त्याचं बटण बंद करा. आमचं काही बिघडत नाही.